माझ्या भावाने आणलेल्या दोन टोप्या

धाकट्याने थोरलीचे दोन्ही हात मागून धरले होते आणि न्हाव्याचा वस्तरा तिच्या कपाळावरून वर चालला होता. केसांचा एक पट्टा सुटून तिच्या मांडीवर पडला. लांब केस होते, कमरेला टेकणारे. ओट्यावर माझ्या नवऱ्याचं मयत ठेवलेलं होतं, त्याच्या तोंडावर माशा बसत होत्या आणि त्या हाकलायचं सोडून सगळं गाव अंगणात हे बघत उभं होतं.

थोरली म्हणजे माझं पहिलं लेकरू, धाकटा तिच्या पाठचा. जन्मली तेव्हा पोरगा झाला म्हणून तिच्या बापाने गावभर गूळ वाटला होता. वयात येता येता आम्हाला दिसायला लागलं की हा पोरगा नाही. दिसायला लागलं म्हणजे मान्य झालं असं नाही. बापाने मारलं, मी देवऋषी केले, मग एक दिवस ती पिंगळीच्या स्टेशनावर जाऊन गाडीत बसली आणि औरंगाबादला गेली. तिथे ब्लाऊज शिवायला शिकली, खोली घेतली, साडी नेसायला लागली. पुढे बाप आजारी पडला तेव्हा दवाखान्यात त्याचं सगळं तिनेच केलं. धाकट्याला रानातलं सोडून येता येत नव्हतं. बापाने तिला लेक म्हणून कधी हाक मारली नाही, पण तिच्याच हातचं पाणी पीत होता.

मयत घरी आणलं तेव्हा माझा चुलत दीर पुढे झाला. भावकीत कोणाचंही काही असो, बोलायचा मान त्याचा. आमच्याकडे आग थोरल्या पोराने द्यायची आणि आग देणाऱ्याने आधी डोकं करायचं. दीर म्हणाला, "थोरला जिता असताना धाकट्यानं आग दिली तर मेलेल्याला गत न्हाई."

थोरली म्हणाली, "काका, मी बाई हाय. धाकट्याला देऊ द्या."

"बाई हाय म्हणं! तुझ्या बापानं गूळ कशाचा वाटला होता मग?"

चारदोन जण हसले. मयताच्या दारात हसले. धाकटा लाजेने काळा पडला. तो थोरलीच्या कानाशी वाकून म्हणाला, "दादा, पाया पडतो. आज एक दिवस पोरगा हो. उद्यापासून तुला काय व्हायचं ते हो." तिने मान हलवली, तेव्हा त्याने हात धरले.

बायकांनी मला धरून ठेवलं होतं. नवरा गेलेल्या बाईला चार जणी धरून बसतात, तशी रीतच आहे, तिला काही करू द्यायचं नसतं. मी एकीच्या हाताला चावले आणि सुटले. जाऊन थोरलीच्या डोक्यावर हात ठेवला. वस्तरा माझ्या बोटाला लागला आणि रक्त तिच्या कपाळावर ओघळलं. न्हावी घाबरून उठला. "मयताच्या दारात रगत सांडलं. मी न्हाई करत आता," म्हणाला आणि पेटी आवरून निघून गेला. त्याला थोरलीचा कळवळा आला असं कोणी समजू नये. त्याला अपशकुनाची भीती वाटली.

मग दुसरा न्हावी आणायला वेळ नव्हता, ऊन चढलं होतं. धाकट्याने कोणाकडून तरी केस कापायचं मशीन आणून स्वतःचं डोकं करून घेतलं आणि आग दिली. थोरली घरातच राहिली. मी तिच्या डोक्याला हळद लावली आणि माझ्या बोटाला चिंधी बांधली. ती म्हणाली, "माय, नेताना त्यांचं तोंड झाकलं का कुणी? माशा लय होत्या."

तेरवीपर्यंत ती आतल्या खोलीत राहिली. सुनेने तिचा पाण्याचा पेला वेगळा ठेवला होता, खिडकीत. कोणी तसं बोललं नाही, पण त्या पेल्याला दुसरं कोणी शिवत नव्हतं. ती शिलाईवाली बाई, तिला रिकामं बसवत नाही. घरातल्या उसवलेल्या उशा, पडदे, पोरांची दप्तरं सगळं हाताने शिवून ठेवलं. डोक्यावरचा पदर एकदाही पडू दिला नाही.

तेरवीच्या दिवशी पाहुणे दुखवट्याचे कपडे आणतात. बाईच्या माहेराहून तिला फिकी साडी येते आणि तिच्या पोरांना टोपी-टॉवेल. मग थोरल्याच्या डोक्याला मामा टोपी घालतो, म्हणजे घराचा कर्ता तो झाला. माझा भाऊ भावजयीला घेऊन पालमहून एसटीने आला. माझ्याहून लहान आहे, पण आता त्यालाही ऐकू कमी येतं. त्याने पिशवीतून दोन टोप्या काढल्या. त्याच्या हिशेबाने मला दोन पोरगे होते आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. त्याने अंगणात विचारलं, मोठ्याने, बहिरं माणूस विचारतं तसं, "अक्का, थोरलं कुठाय?"

सगळ्यांनी दीराकडे बघितलं. मला वाटलं, पुन्हा सुरू होणार.

तर दीरच उठला. त्या दिवशी गुळाचा विषय काढणारा तोच दीर. म्हणाला, "टोपी धाकट्याला घाला. थोरली बाई हाय. आमी भावकीनं मानलं तिला. तिला साडी द्या."

धाकटा आत गेला आणि तिला हाताला धरून बाहेर घेऊन आला. "ताई, बस इथं," म्हणाला. जन्मात पहिल्यांदा ताई म्हणाला. माझा भाऊ गोंधळला, त्याच्याकडे दुसरी साडी कुठली? भावजयीने घाईघाईत माझ्यासाठी आणलेली साडीच तिच्या मांडीवर ठेवली आणि कुंकू लावलं. विधवेसाठी आणलेली फिकी साडी लेकीच्या ओटीत घालत नाहीत. म्हाताऱ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मी ते बघितलं. मला त्या दिवशी साडी आलीच नाही. थोरली ती साडी पोटाशी धरून रडत होती, आणि तिला त्या वेळी कोणी गोणपाट दिलं असतं तरी तिने तसंच धरलं असतं.

संध्याकाळी सुनेने तिला सगळ्यांसोबत वाढलं. खिडकीतला पेला मोरीत घासायला पडला आणि बाकीच्या भांड्यांत मिसळून गेला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

मग धाकट्याने विषय काढला. जेवता जेवताच. "ताई, शेताचं बी मिटवून टाकू. बहिणी हक्क सोडत्यात, तसं परभणीला जाऊन करून देऊ."

ते बरोबर होतं. आमच्याकडे बहिणी बापाच्या जमिनीवरचा हक्क भावाला सोडून देतात. कागद करतात. मीही माझ्या भावाला करून दिला होता. सोडला तर माहेर राहतं, दिवाळीला साडी येते, आजारपणात भाऊ धावत येतो. मागितला तर दार बंद. याला कोणी अन्याय म्हणत असेल तर म्हणो, मी फक्त चालतं काय ते सांगते. दीराने तिला बाई का मानली ते मला भाकरीचा तुकडा हातात असतानाच कळलं. थोरला पोरगा हिस्सा मागतो. बहीण सोडते.

दुसऱ्या दिवशी मी तिला शेळीपाशी गाठलं. म्हटलं, "सही करू नको."

"माय, सगळ्या बहिणी करत्यात. तू केलीस की."

"माझा भाऊ मला लहानपणापासून अक्का म्हणत होता. हा काल म्हणाला."

"म्हणाला तर खरं. मी सही न्हाई केली तर काय राहीन मी? परत दादा? मला नको जमीन. मला दिवाळीला यायचंय."

तिचं वय आता चाळिशीच्या पुढे. इतकी वर्षं परक्या गावात स्वतःच्या हिमतीने राहिलेली बाई, आणि दिवाळीला यायचं म्हणून जमीन द्यायला निघाली होती. तिचा हक्क, तिची सही.

तलाठ्याकडे वारसनोंद झाली तशी परभणीला आम्ही तिघे गेलो, दीर सोबत. मीही वारस होते, म्हणून मलाही नेलं होतं. कचेरीच्या बाहेर कडुलिंबाखाली कागद करून देणारा टायपिंगवाला बसतो. त्याने तलाठ्याची वारसनोंद बघितली आणि थोरलीचं आधार बघितलं. म्हणाला, "नोंदीत पोराचं नाव हाय, जुन्या रेशनकार्डावरून आलेलं. आधारावर बाईचं. ही दोन माणसं झाली. आधी नोंद दुरुस्त करून आणा."

"किती दिवस लागत्याल?" दीराने विचारलं.

"आता कचेरीचं काम हाय. सहा म्हैने म्हणा, वरीस म्हणा."

थोरली म्हणाली, "थांबू की मग. मी कुठं पळायले?"

पण धाकट्याला थांबायचं नव्हतं, किंवा दीराला नव्हतं. दोघं बाजूला जाऊन बोलले. टायपिंगवाल्याशी पुन्हा बोलले. मग धाकटा आला आणि हातातली पिशवी त्याने तिच्यापुढे धरली. पिशवी त्याने घरूनच आणली होती, म्हणजे हे त्याला आधीच कोणीतरी सांगितलेलं होतं. आत माझ्या नवऱ्याचा सदरा-पायजमा होता. जुनं आधार होतं, नाव बदलायच्या आधीचं, गावच्या पत्त्यावर टपालाने आलेलं आणि बापाच्या पेटीत राहिलेलं. आणि वर घडी न मोडलेली टोपी होती. माझ्या भावाने आणलेल्या दोन टोप्यांतली उरलेली.

"कचेरीत फोटो निघस्तोवर घाल," तो म्हणाला. "केस टोपीत घाल. पाच मिनिटांचं काम हाय. आज एक दिवस."

तिने टोपी हातात घेतली. आतून बाहेरून बघितली, जशी गिऱ्हाइकाच्या कपड्याची शिवण बघते. मग म्हणाली, "साडी ताईला दिली ना? सही पण ताईचीच घे."

"ताईच्या नावावर जमीन हाय कुठं?"

"न्हाई ना? मग सोडू काय?"

दीर मध्ये पडला. "अगं, भावासाठी येवढं बी न्हाई करत का? बहीण म्हणवती मोठी."

तिने टोपी परत पिशवीत ठेवली, सदऱ्याची विस्कटलेली घडी नीट केली आणि पिशवी भावाच्या हातात दिली. धाकट्याचे डोळे भरले होते. तो वाईट माणूस नाही, मी त्याला ओळखते. पण त्याला जेव्हा जेव्हा काही हवं असतं तेव्हा तिने एक दिवस दुसरं कोणी व्हायचं असतं.

"माय, तू तरी समजाव तिला," तो म्हणाला.

"काय समजावू? आधी तू ठरीव, तुला भाऊ हाय का बहीण. मग मला सांग."

त्यावर तो चिडला. मीच तिला डोक्यावर चढवून ठेवलंय म्हणाला. टायपिंगवाल्याने विचारलं, मग आजीची तरी सही घ्यायची का? मी चौथी शिकलेली आहे, मला अंगठा लागत नाही. मी म्हटलं, नको.

थोरली आमच्यासोबत गावी आली नाही. स्टँडवरून तशीच औरंगाबादच्या गाडीत बसली. साडी तिच्या पिशवीत होती, ती तिने परत केली नाही. गावात दीराने सांगून टाकलं, "बघा, जमिनीचा विषय निघाला की झाली पोरगा." तिने जमीन मागितलेली नव्हती. पण ते कोणाला सांगत बसू?

दिवाळी आली. धाकट्याने तिला बोलावलं नाही आणि मी तिला ये म्हटलं नाही. आली असती तर पेला परत खिडकीत गेला असता. ती फोन करते, मी घेते. धाकटा त्या वेळी उठून बाहेर जातो. नोंद दुरुस्त करायला ती एकदा तलाठ्याकडे येऊन गेली, गावात शिरली नाही. तिला अजूनही सहीच करायची आहे, तिच्या नावाने. झाल्यावर भाऊ बोलवील असं तिला वाटतं. मला तसं वाटत नाही, आणि तसं मी तिला सांगितलं आहे.

दुसरी टोपी भिंतीवरच्या खुंटीला आहे. धाकटा रानात जाताना ती घालत नाही, त्याची त्याला आहे.

कोणी वारस विचारले तर मी सांगते, माझा नवरा गेला. मी आहे, धाकटा आहे आणि थोरली आहे.