नातीच्या नावावरचा ट्रक

एका डोळ्यानं दिसायचं बंद झालं आणि ट्रकचं लायसन पुढं वाढवून मिळालं नाही. तेव्हापासून मी घरी. माझ्यासमोर ट्रकचा विषय काढायचा नाही, असं सगळ्यांना बजावून ठेवलं होतं.

सुनेच्या ऑफिसात नवे कॉम्प्युटर आले, तेव्हा जुन्यातला एक तिनं नातीच्या अभ्यासाला घरी आणला. गेम खेळणाऱ्यांना मी चारचौघांत रिकामटेकडे म्हणायचो. पण नाक्यावरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात एकदा ट्रक चालवायचा गेम बघितला. घाट, टोल, गोदामाला गाडी मागं घेऊन लावणं, सगळं होतं त्यात.

सून ऑफिसला गेल्यावर तो कॉम्प्युटरचा डब्बा रिक्षात घातला न्‌ दुकानात नेला. "नातीला तो ट्रकचा गेम पाहिजे," म्हटलं.

"चाचा, ये ऑफिस का मशीन है," दुकानदार म्हणाला. "रॅम बढ़ा देता हूँ, और छोटा ग्राफिक्स कार्ड. बड़ेवाले का लोड इसका पावर सप्लाय नहीं उठाएगा."

"दहा चाकी चालवलीय मी. मला शिकवू नको, मोठंच लाव."

लावलं. घरी गेम सुरू केला, तर ट्रक दिसायच्या आत मशीन बंद. दहादा केलं, दहादा बंद. पुढं तर मशीन नुसतं लावलं तरी बंद पडायला लागलं, नातीचा अभ्यास अडला. संध्याकाळी सुनेनं विचारलं, तर "नाक्यावरच्या दुकानात नेलं होतं," एवढंच सांगितलं. ती मशीन आणि मला घेऊनच दुकानात गेली.

"भाभी, बच्ची को ट्रक के गेम का इतना शौक?" दुकानदारानं विचारलं.

"ती तर..." माझ्याकडं बघून ती थांबली. "मलाच हवाय तो गेम."

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानं छोटं कार्ड बसवलं, गेम लावला आणि खुर्ची तिच्यापुढं सरकवली. "चला के देखो." तिला धड सायकल येत नाही. फाटकाला धडक, खांबाला धडक, परत फाटकाला. गिऱ्हाईकं हसायला लागली.

"अगं ब्रेक! आधी मागं घे, पोरी!"

"बाबा, तुम्हीच बसा ना."

"ऊठ." मग दुकानदाराकडं न बघता म्हटलं, "माझ्यासाठीच हाय. नातीला काय माहीतबी न्हाय."

बटणं बोटांना सापडत नव्हती. तरी गाडी गोदामाला मागं लावली, सरळ.

"वाह चाचा! लायसन है ना?" दुकानदार म्हणाला, आणि सगळे हसले.

फक्त सून हसली नाही. पडद्यावरच्या त्या गाडीला आरसाही होता. मी कुणाकडं मान न वळवता त्यातच बघत बसलो, मागून काही येत असल्यासारखा.