दाराजवळची खुंटी

करी रोडला तीन चाळी पाडून जो टॉवर उभा राहिला, त्याच्या तळमजल्यावर आता चाळींचं संग्रहालय आहे. आधी पाडायचं आणि मग जपायचं, हा क्रम कुणाला उलटा वाटत असेल तर त्याने ते चालवणाऱ्या आमच्या इतिहास मंडळाच्या बैठकीला यावं. तिथे चहाबिस्किटाबरोबर तो सुलटा करून मिळतो.

मी मंडळात गेले ती तावातावाने. डिलाईल रोडच्या आमच्या घरात ताटाखालीसुद्धा युनियनचं जुनं पत्रक असायचं. आमटी सांडली की 'कामगार बंधूंनो' भिजायचं. अक्षरओळख मला त्यावरच झाली. त्यामुळे वस्तूंखालच्या पाट्या लिहायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा वाटलं, क्रांतीला अखेर भिंत मिळाली. वातानुकूलित का असेना.

मुख्य दालनात गाववाल्यांची खोली उभारायची होती. कोकणातल्या एकाच गावचे वीसेक पुरुष अशा एका खोलीत राहायचे. बायका-मुलं गावी, एक पाळी गिरणीत, दुसरी झोपलेली. माणशी एक ट्रंक आणि भिंतीवरच्या फळीतली एक लाकडी खुंटी, एवढीच जागा स्वतःची. अशाच एका खोलीत शेवटी एक आजोबा उरले होते. त्यांची शेजारची चाळही पाडायला घेतली, ती रिकामी करताना त्यांनी ती अख्खी फळी उतरवली आणि टॅक्सीच्या टपावर बांधून आमच्याकडे आणली.

फळीवरची दाराजवळची खुंटी कायम रिकामी असायची. गावाहून नवा माणूस आला की त्याने पिशवी तिथे अडकवायची. त्याला काम लागलं, आतली एखादी खुंटी मोकळी झाली, की तो आत सरकायचा आणि दाराजवळची पुन्हा रिकामी. दुसऱ्या कुणी तिच्यावर नुसता टॉवेल जरी टाकला, तरी त्याला आठवडाभर सगळ्या खोलीचं पाणी भरावं लागायचं. गिरण्या बंद पडल्या, गावाहून माणसं यायची थांबली, खोलीत आजोबा एकटे उरले, तरी त्यांनी त्या खुंटीला काही अडकवलं नव्हतं.

देणगीचा फॉर्म मी भरला. आजोबांची अट एकच होती, ती खुंटी इथेही रिकामी ठेवायची. "उद्या गावातसून कोण इलो तर?" ते म्हणाले. हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते ताबडतोब वहीत टिपून घेतलं, स्वतःच्या लेखासाठी. फॉर्ममधल्या 'अटी' या रकान्यात मात्र 'नाही' असं लिहिलं. रकाना अंगठ्याएवढा होता आणि मला पाटी लिहायची घाई होती. आजोबा चष्मा विसरले होते. तू वाचलंस ना, मग झालं, असं म्हणून त्यांनी सही केली.

पाटी मी पानभर लिहिली. 'शोषण' सहा वेळा, खुंटी एकदाही नाही.

सजावट करणाऱ्या बाईंना ती मोकळी खुंटी 'अपुरी' वाटली. त्यांनी दादरहून नवी कोरी पांढरी टोपी आणली, जुनी दिसावी म्हणून चहात बुडवली आणि तिथे लटकवली. उद्घाटनाला प्रमुख पाहुणे अर्थातच बिल्डर. मुळं, माती, वारसा असे त्यांचे शब्द चालू असताना इस्त्रीचा सदरा घातलेले आजोबा फळीसमोर येऊन उभे राहिले.

"ही टोपी कोणाची गो?"

"कोणाचीच नाही, आजोबा. विकत आणलीय."

"कोणाची नाय, तर हय कित्याक?"

ते हळूच म्हणाले, "तुका सांगितलंय."

बोलणं कानावर पडलं तसे मंडळाचे चिटणीस लगबगीने देणगीचा फॉर्म घेऊन आले. अटी: नाही. माझ्याच गोल, वळणदार अक्षरात. अशा वेळी दोष व्यवस्थेला द्यायचा असतो, तशी मला घरून शिकवणच आहे, आणि व्यवस्था तर समोरच हार घालून बसली होती. पण पेन तिचं नव्हतं. अट होती, मी लिहिली नाही, असं मी चिटणिसांना सगळ्यांदेखत सांगितलं. ते म्हणाले, कार्यक्रम होऊ दे, पुढच्या बैठकीत बघू.

आजोबांना बैठकींची सवय नसावी. त्यांनी दोरी ओलांडली आणि टोपी काढली. रखवालदार म्हणाला, वस्तूंना हात लावायचा नाही. ज्या फळीवर त्यांनी उभा जन्म सदरा टांगला, तिच्याबद्दल. त्यांनी टोपी माझ्या हातात दिली.

"धर. आता आठवडाभर पाणी भर."

मला वाटलं, चेष्टा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला, नळ सहाला येतो. संक्रमण शिबिरात त्यांची खोली चौथ्या मजल्यावर आहे. नळ खाली आणि लिफ्ट नकाशात. सात दिवस मी हंडे चढवले. श्रमाच्या प्रतिष्ठेवर मी पूर्वी दोन लेख लिहिले आहेत. ते हंडा उचलल्याशिवाय लिहिले होते, हे तिसऱ्या मजल्यावर कळतं.

मधल्या काळात मंडळाचं पत्र आलं. संग्रहालयाची मौल्यवान वस्तू, एक टोपी, त्वरित परत करावी. मी जाऊन टोपी दिली, खुंटी रिकामी असल्याचं बघितलं आणि चिटणिसांच्या टेबलाशी ठाण मांडून नवा फॉर्म घेतला. अट रकान्यात मावेना, म्हणून समासात लिहिली.

आठव्या दिवशी तो सहीसाठी आजोबांपुढे ठेवला. मी वाचून दाखवते, म्हटलं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं, उशाखालून चष्मा काढला, काचा सदऱ्याला पुसल्या आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली.