भटाऱ्याचे अकरा दिवस

गल्लीत त्यांना सगळे हवालदार म्हणत. खरं तर फौजेतून बाहेर पडले तेव्हा ते साधे शिपाईच होते, आणि शिपाई म्हणजे तरी काय, पलटणीच्या भटारखान्यात पाव भाजणारे. पण समोरच्या शिंप्याने एकदा त्यांना हवालदार म्हणून हाक मारली, आणि गल्लीने दिलेली ती बढती पुढे कुणाला मागे घेता आली नाही. त्यांनी दोन-चारदा सांगून पाहिलं, मग नाद सोडला.

फौजेनंतर बावीस वर्षं त्यांनी एका मोठ्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात भट्टी सांभाळली. तिथूनही निवृत्त झाले तरी हात स्वस्थ बसेनात. रोज सकाळी घरापुरतं पीठ मळायचं, ओल्या फडक्याखाली झाकून ठेवायचं आणि ते फुगताना बघत बसायचं. अशा वेळी त्यांचे डोळे उघडे असत, पण ते कुठे बघतायत ते कळत नसे. "हे आता घरात नाहीत," असं त्यांची बायको लेकीला सांगे, आणि ते काही खोटं नव्हतं.

दुपारी जेवण झालं की ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसत आणि बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागे. मग धुकं येई. पीठ चाळताना हवेत उडतं तसं, पांढरं आणि कोरडं वाटणारं. त्यात कुठेतरी खेचराच्या गळ्यातली घंटा वाजे. पायाखाली दगड सरकत, पाठीवर कुणाचं तरी ओझं असे, आणि ते ओझं कानाशी श्वास घेत असे. जाग आली की उजवा खांदा ठणके. बेचाळीस वर्षं हेच चाललं होतं. एवढ्या वर्षांत घडलेलं कुठे संपतं आणि पडलेलं स्वप्न कुठे सुरू होतं, ते त्यांचं त्यांनाही सांगता येईनासं झालं होतं. टेकडीवर होतो, यापलीकडे लढाईबद्दल ते घरात कधी बोलले नाहीत. सांगायला जावं तर आपण स्वप्नच सांगतोय असं त्यांना वाटे.

अशातच निवृत्तिवेतनाच्या कचेरीतून एक जाड पाकीट आलं. सगळ्या जुन्या सैनिकांच्या सेवानोंदी नव्याने छापल्या होत्या. प्रत्येकाने आपली तपासून सही करून परत पाठवायची होती. लेक त्या दिवशी माहेरी आली होती. ती जन्म-मृत्यूच्या नोंदणी कचेरीत कारकून होती, कागद वाचायचा तो बोट ठेवूनच, अशी तिला सवय. एका ओळीवर तिचं बोट थांबलं. टेकडीवरच्या चौकीची ती मोठी लढाई झाली त्या अकरा दिवसांसमोर लिहिलं होतं: मागच्या तळावर, भटारखान्यात कामावर. त्याखाली, उजव्या खांद्याला इजा, भट्टीवर काम करताना. लढाईचं पदक, काही नाही. जखमी सैनिकाची खूण, काही नाही.

"बाबा, तुम्ही तर टेकडीवर होतात ना?" तिने विचारलं.

त्यांनी कागद हातात घेऊन ती ओळ वाचली. मग म्हणाले, "कागदात आहे तर असेन तळावर."

बायको शेजारी बसून बटणं लावत होती. तिने सुई थांबवली नाही. "आणि खांद्याला एवढं भोक पडलंय ते काय भट्टीने थुंकलं म्हणून?"

त्यावर सगळे हसले, तेही हसले. पण त्या दिवसापासून त्यांचं मन थाऱ्यावर राहिलं नाही. पीठ मळता मळता हात थांबायचे. आपण खरंच वर गेलो होतो का? की खाली भट्टीपाशी तापात पडल्या पडल्या हे सगळं पाहिलं? पदकाचं त्यांना फारसं काही नव्हतं. पण आयुष्यातले अकरा दिवस आपले होते की नव्हते, हे माणसाला माहीत असायला हवं, असं त्यांना वाटू लागलं. लेकीने हे ओळखलं. तिच्या कचेरीत रोज कुणीतरी चुकलेलं नाव, चुकलेली तारीख दुरुस्त करायला येई. "बाबा, कागदही माणसंच लिहितात," ती म्हणाली. "आणि माणसं दमलेली असतात. आपण अर्ज करू."

अर्ज लिहायचा म्हणून तिने त्यांना सगळं पहिल्यापासून विचारलं, आणि त्यांनी आठवेल तसं, अडखळत सांगितलं. चौकी तीन दिवस उपाशी होती. रसदीच्या अधिकाऱ्याने तोंडी हुकूम दिला: खेचरावर पाव घाल आणि घेऊन जा. एक खेचरवाला आणि ते, असे दोघे निघाले. वर पोचले तर चौकीतले निम्मे जखमी, उचलायला माणूस नाही. चौकीचा अधिकारी म्हणाला, थांबतोस का? हे थांबले. खेचरवाला परत गेला तो पुढे दिसला नाही. रोज धुकं उतरलं की ते एका जखमीला पाठीवर घेऊन खालच्या रस्त्यापर्यंत सोडून येत आणि पुन्हा वर जात. सात जण उतरवले. सातव्याच्या वेळी तोफेचा गोळा जवळ फुटला. नंतरचं त्यांना आठवत होतं ते इतकंच, की तळावरच्या तंबूत कुणीतरी विचारलं, काम काय करतोस? आणि ते म्हणाले, भटारी. लिहिणाऱ्याने भटारी म्हटल्यावर भट्टी लिहून टाकली असणार. चौकीच्या अधिकाऱ्याला तोवर मरण आलं होतं. रसदीच्या अधिकाऱ्याचा हुकूम कागदावर नव्हताच.

पहिला अर्ज महिन्याभरात परत आला. पुरावा जोडलेला नाही, एवढं एकच वाक्य. लेक म्हणाली, वाक्य बरोबर आहे, पुरावा जोडू.

मग ते दोघं इस्पितळात गेले. भट्टी बंद होऊन तिथे आता धुलाईची यंत्रं बसली होती, पण एक्स-रे काढणारा बाप्या त्यांना ओळखत होता. त्यांच्याच पावावर आपण पोसलो असं तो सगळ्यांना सांगत सुटला. त्याने खांद्याचा फोटो काढला आणि उजेडाच्या काचेवर लावला. हवालदार बघतच राहिले. काळोख्या पडद्यावर राखाडी धुकं पसरलं होतं, धुक्यात हाडांच्या फिकट वाटा, आणि एका वाटेच्या कडेला गव्हाच्या दाण्याएवढा एक लख्ख पांढरा ठिपका.

"लोखंड आहे," एक्स-रेवाला म्हणाला. "भट्टीतून लोखंड उडत नाही, काका."

त्यांनी काचेवर बोट ठेवून त्या ठिपक्याला हात लावला. एवढी वर्षं तो आत आहे, आणि आपण मात्र स्वप्न म्हणत होतो. बाहेर आल्यावर ते पायरीवर बसून राहिले. लेकीने घाई केली नाही.

पण लोखंड कुठे लागलं, ते लोखंड सांगत नाही. नोंदी दुरुस्त करणाऱ्या मंडळाने दुसऱ्या अर्जावर तसंच कळवलं: चौकीवर प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार हवा. लेकीने माजी सैनिकांच्या मासिकात चार ओळींचं निवेदन दिलं. अमुक लढाईत धुक्यातून ज्यांना एका भटाऱ्याने पाठीवरून खाली आणलं, त्यांनी कळवावं. बाकी काहीच लिहिलं नाही. कुणी वाचून तसंच सांगू नये म्हणून मुद्दामच तिने तपशील हातचे राखले.

एक अंक गेला, दुसरा गेला. पानं गळून झाडं मोकळी झाली. हवालदारांनी विचारणं सोडून दिलं, फक्त पोस्टमन यायच्या सुमाराला ते कसल्या ना कसल्या कामाने दाराशी असत. आणि पाचव्या महिन्यात पत्र आलं. अक्षर मोत्यासारखं, ओळी फुटपट्टीने आखल्यासारख्या सरळ. लिहिणारा एका दूरच्या गावातला निवृत्त शिक्षक होता, गणिताचा.

त्याने लिहिलं होतं की स्फोटाने त्याचे डोळे गेले असं सगळ्यांना वाटलं होतं आणि ते पट्टीने बांधले होते. पुढे दोन महिन्यांनी दृष्टी परत आली. त्यामुळे ज्याने खाली आणलं त्याचा चेहरा त्याने पाहिलाच नाही. "मला आपल्याला मदत करता येईल की नाही, ठाऊक नाही," असं पुढे होतं. "पण त्या माणसाच्या मानेला आंबलेल्या पिठाचा वास येत होता. शिवाय आणखी एक खूण मला माहीत आहे. ती मी पत्रात लिहीत नाही. आपल्या वडिलांना घेऊन या."

आगगाडीने सहा तास लागले. हवालदार खिडकीबाहेर बघत होते, पण शेतं आणि तारांचे खांब त्यांना दिसत होते की नाही कुणास ठाऊक. शिक्षकाचं घर लहान, भिंतीभर पुस्तकं. शिक्षक उंच, वाळका, जाड भिंगांचा चष्मा लावलेला. दोघं समोरासमोर उभे राहिले. एकमेकांचे चेहरे त्यांना अगदीच परके होते. शेवटी शिक्षकाने खुर्ची पुढे केली आणि चहा आणायला आत सांगितलं.

मग तो म्हणाला, "एक काम करा. मला शंभरपर्यंत आकडे म्हणून दाखवा. मोठ्याने."

हवालदार गोंधळले. लेकीलाही काही उमगेना. पण शिक्षकाने डोळे मिटून घेतले होते, तेव्हा त्यांनी सुरुवात केली. आधी संकोचत, मग ठेक्यात. चाळीस झाले, पन्नास झाले. आवाज आपोआप खाली आला, श्वासाबरोबर चालू लागला, जणू खोलीच उतरणीला लागली होती.

"सदुसष्ट, अडुसष्ट, एकोणसत्तर, ऐंशी, एक्क्याऐंशी…"

शिक्षकाने डोळे उघडले. चष्म्याच्या आत पाणी तरळत होतं आणि तो हसत होता.

"सत्तरचं अख्खं घर गाळलंत," तो म्हणाला. "तेव्हाही गाळत होतात. पावलं मोजायचात तुम्ही, शंभर झाले की पुन्हा एकपासून. तुमच्या हिशेबाने आपण नऊ हजार पावलं उतरलो. खरी आठ हजार शंभर. मी मनातल्या मनात मोजत होतो. मरतोय की जगतोय ते कळत नव्हतं, पण या माणसाला दुरुस्त केल्याशिवाय मरायचं नाही, एवढं नक्की ठरवलं होतं."

भट्टीवर सगळा कारभार डझनांचा. सत्तरच्या घरात जायची वेळच कधी आली नव्हती. आपण असं मोजतो हे हवालदारांना या वयात पहिल्यांदाच कळत होतं. ते उठले आणि शिक्षकाच्या खांद्यावर हात ठेवून नुसते उभे राहिले. मग, वजनाचा अंदाज घ्यावा तसा तो खांदा जरासा दाबून म्हणाले, "तेव्हा भारी होतात तुम्ही."

"आता वाळलो," शिक्षक म्हणाला.

शिक्षकाने शपथपत्र करून दिलं, आकड्यांसकट. सुनावणी वसंतात झाली. लांब टेबल, तीन माणसं, पाण्याचे पेले. मधोमध बसलेल्या बाईंनी एक्स-रे उजेडाकडे धरून पाहिला, शपथपत्र दोनदा वाचलं. बेचाळीस वर्षं गप्प का राहिलात, असं त्यांनी विचारलं तेव्हा त्यांच्या आवाजात संशय नव्हता.

हवालदारांनी थोडा विचार केला. "मला वाटायचं, माझ्या झोपेत आहे ते," ते म्हणाले. "त्याचा कुठे अर्ज करतात?"

निकाल पावसाळ्याआधी आला. नोंद दुरुस्त झाली होती. ते अकरा दिवस टेकडीवरच्या चौकीत, लढाईत हजर. खांद्याची इजा शत्रूच्या तोफेने. लढाईचं पदक मंजूर, जखमी सैनिकाची खूण मंजूर. सात माणसं आणल्याबद्दल शौर्याच्या पदकाचा मुद्दा लेकीने हट्टाने घातला होता, तो मात्र नामंजूर. त्याला वरच्या अधिकाऱ्याची शिफारस लागते, आणि तो अधिकारी टेकडीवरच राहिला होता. लेक चिडली, वरच्या मंडळाकडे जाऊ म्हणाली. त्यांनी नको म्हणून मान हलवली. त्याला शिफारस लिहायला वेळ मिळाला नाही, ते म्हणाले, त्याचा दोष नाही.

पदकं पुठ्ठ्याच्या डब्यात टपालाने आली. शिंप्याने ती बघायला म्हणून दुकान अर्धा तास बंद ठेवलं. बायकोने रिबिनीचा पोत बोटांनी चाचपून पाहिला, कापड बरं आहे म्हणाली, आणि डबा कपाटात चादरींच्या घडीत ठेवून दिला. दुरुस्त नोंदीचा कागद मात्र हवालदारांनी स्वतःजवळ ठेवला. ती एक ओळ ते दिवसातून एखादवेळ वाचत, सावकाश, जेवणातला शेवटचा घास चावावा तशी.

त्यानंतर काही दिवसांनी, तिसऱ्या प्रहरी दोघंच घरात होती. बायको परातीत मटार सोलत होती. बाहेर ऊन कलत होतं आणि खोलीत पिवळसर, गुंगी आणणारा उजेड भरला होता. शेंगांचा टचटच आवाज तेवढा येत होता. बराच वेळ गेल्यावर तिने मान वर न करता विचारलं, "वर झोपायचात कुठे तुम्ही?"

लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. हा प्रश्न तिने इतक्या दिवसांत कधी विचारला नव्हता. त्यांनी एक शेंग उचलली, सोलली, दाणे परातीत टाकले.

"एका मोठ्या दगडाच्या आडोशाला," ते म्हणाले. "दगड दिवसा तापायचा. रात्रभर पाठ ऊबदार राहायची. तिथून खाली पाहिलं तर…"

तिने परात दोघांच्या मध्ये सरकवली, आणि ते सांगत राहिले.