सहा नंबरचे पांढरे बूट

गल्लीतली मुलं त्यांना अंगठाकाका म्हणत. बुटांच्या एकाच दुकानात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला याहून वेगळं नाव मिळणार तरी कुठलं? पोराच्या पायात नवा बूट चढला की काका समोर उकिडवे बसायचे, टोकावर अंगठा दाबायचे, क्षणभर डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "वर्षभर बघायला नको." सोबत आलेल्या आयांना नेमकं हेच ऐकायचं असे. त्या निश्चिंत होऊन पिशवी उघडत.

पायांची त्यांना फार बारीक जाण होती. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत ते नंबर सांगत आणि तरीही मापाची फळी पुढे सरकवत. फळीवर सरकती पट्टी होती. ती बोटांपर्यंत आणायची, आकडा वाचायचा, मग शिडीवर चढायचं. "नजर चुकते, फळी चुकत नाही," असं ते दुकानात नव्याने लागलेल्या पोरींना शिकवत. दुकानातली ही शिकवण घरी मात्र कधी आली नाही.

घरी दोन मुली. शाळा सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात काका दोन खोकी घेऊन यायचे. गेल्या वर्षीचा नंबर त्यांना पाठ असे. त्यात एक मिळवला की झालं. बूट घरात आले की त्यांची बायको कापसाचा डबा काढून बसायची. दोन बोळे थोरलीच्या बुटात, दोन धाकटीच्या.

"या घरात कान दुखला तर कापूस मिळायचा नाही," ती म्हणायची. "सगळा बुटांनी खाल्ला."

"वाढतं अंग आहे," काका म्हणायचे.

"अंग वाढतंय हो. ते दिसतंय. पण आजच्या मापाचं असं काही एकदा तरी आणाल का?"

थोरली चालायला लागली ती एक नंबर मोठ्या बुटातच. शाळेच्या पहिल्या दिवशी तिचा एक बूट जिन्यातच राहिला आणि शेजारच्या आजोबांनी तो काठीला अडकवून वर्गापर्यंत नेऊन दिला. चौथीत धावण्याच्या शर्यतीत तिचा डावा बूट तिच्याआधी रेषेपलीकडे पोहोचला. ती स्वतः पाचवी आली. घरी त्यावर आठवडाभर चर्चा झाली आणि पहिला नंबर बुटाचा धरावा असं धाकटीने ठरवलं. ती तेव्हा जेमतेम चार वर्षांची होती.

चौदाव्या वर्षी थोरली पाच नंबर घालत होती. पुढच्या वर्षी काकांनी सहा आणला. सोळाव्या वर्षी मात्र वाढवला नाही. मुलींचा पाय या वयात थांबतो, हे त्यांनी शेकडो वेळा पाहिलं होतं. सहा हा तिचा कायमचा नंबर झाला आणि बोळेही कायमचे झाले. थोरलीने कधी तक्रार केली नाही. करणार कशाची? तिने बसता बूट जन्मात घातला नव्हता. बुटात पुढे कापूस असतोच, अशी तिची समजूत होती.

तिची चाल मात्र सगळ्या इमारतीला माहीत होती. सर्र-टप, सर्र-टप. ती तिसऱ्या मजल्यावर आली की आईला चौथ्यावर ऐकू यायचं आणि आई चहाचं आधण ठेवायची.

"पाय उचलून चाल गं," आधण ठेवता ठेवता आई म्हणायची. "काय ते फरफटणं. तुझ्या आत्याची चाल आली आहे तुला."

"माझ्या बहिणीला कशाला मधे आणतेस?" काका पेपरामागून विचारायचे.

"मी आणलं नाही. चालत आली."

बारावीनंतर थोरलीला नर्सिंगच्या शाळेत प्रवेश मिळाला. तिला दुसरं काही करायचंच नव्हतं. लहानपणी ती धाकटीच्या हाताला इतकं बँडेज बांधायची की धाकटीला जेवता यायचं नाही. पहिले तीन महिने परीक्षेचे होते. त्यात जमलं तर पुढे, नाहीतर घरी. काकांनी तिच्यासाठी पांढरे बूट आणले. अर्थात सहा नंबरचे.

दहाव्या आठवड्यात ती घरी आली आणि चहाला हात न लावता बसून राहिली.

"मेट्रनबाईंनी शेरा दिला," तिने सांगितलं. "चालताना पाय ओढते. रुग्णांची झोपमोड होते. ट्रे घेऊन दोनदा अडखळले, तेही लिहिलंय."

"मग?" आईने विचारलं.

"पुढच्या शनिवारी पुन्हा बघणार. सुधारणा नसेल तर नाव काढणार. बाकी सगळं चांगलं आहे म्हणाल्या. इंजेक्शन, औषधांचं टेबल लावणं, सगळं. फक्त चाल."

"चालीवरून कुणी नाव काढतं का?"

"काढतात, आई. मागच्या वर्षी एका मुलीचं काढलं. ती मोठ्यानं बोलायची."

दुसऱ्या दिवसापासून घरात कवायत सुरू झाली. स्वयंपाकघरापासून दारापर्यंत नऊ पावलं. आई ओट्याशी उभी राहून सांगायची, "टाच आधी. टाच." धाकटीने ताईच्या डोक्यावर शब्दकोश ठेवून पाहिला. तो आमटीत पडला. पाय उचलायला गेली की बूट टाचेतून सुटायचा आणि फटकन खाली आपटायचा. आधी ती फरफटत होती, आता आपटू लागली. खालच्या मजल्यावरून निरोप आला, वर कुणी कुटतंय का.

"मला जमणार नाही," बुधवारी रात्री जेवताना थोरली म्हणाली. "माझ्या पायातच काहीतरी आहे."

काकांनी भात कालवला. दिवसभर दुसऱ्यांच्या पायांशी बसणारा माणूस घरी आल्यावर पायांकडे पाहत नसे.

गुरुवारी दुपारी ती दुकानात आली. डाव्या बुटाचा तळ चवड्यापाशी मोडून उघडला होता.

"बाबा, हा चिकटवून मिळेल? शनिवारपर्यंत तरी टिकायला हवा."

काकांनी बूट हातात घेतला. तीन महिन्यांत तळ मोडावा असा हा माल नव्हता. सवयीने त्यांनी बोळा काढला, हात आत घातला, मग बूट उजेडाकडे तिरपा धरून आत पाहिलं. आतल्या अस्तरावर पाच बोटांचे पाच मळकट ठसे होते. ठशांच्या पुढे दोन बोटं रुंद जागा कोरी पांढरी होती.

"हा कुणाचा बूट आहे?"

"माझाच की."

"नीट बघ. हॉस्टेलवर बदलला असेल."

"मी हॉस्टेलवर राहत नाही, बाबा. रोज घरी येते."

काकांनी बूट बाजूला ठेवला. मग त्यांनी पाय टेकवायची तिरपी फळी असलेलं स्टूल ओढलं.

"बस. मोजा काढ."

"बाबा, लोक आहेत."

"लोक इथे मोजे काढायलाच येतात."

त्यांनी तिचा पाय मापाच्या फळीवर ठेवला, पट्टी सरकवली, आकडा वाचला. पट्टी मागे घेतली आणि पुन्हा सरकवली. दुसरा पाय ठेवला. चार. दोन्ही पाय चार.

गल्ल्यावरून मालक म्हणाले, "काका, घरच्या गिऱ्हाइकाची तक्रार आहे वाटतं."

"आहे," काका म्हणाले. "तीन वर्षांची आहे."

"म्हणजे काय?" थोरलीने विचारलं.

"म्हणजे तुझा पाय चौदाव्या वर्षीच थांबला. मी मात्र पंधराव्या वर्षाचं माप आणून दिलं आणि त्यावरच थांबलो." त्यांनी तिचा पाय फळीवरून उचलून आपल्या गुडघ्यावर ठेवला. "तू बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? तुम्ही आणलेले ना बूट. तुम्हाला कळतं."

काकांनी तिचा पाय हलकेच खाली ठेवला. ते शिडीवर चढले. चार नंबरचे पांढरे, नाडीचे बूट मागच्या रांगेत होते. आतला कागद काढला, नाड्या सैल केल्या, बूट चढवला, टाच धरून दोनदा ठोकली आणि टोकावर अंगठा दाबला. या वेळी डोळे मिटले नाहीत.

"घट्ट आहेत," थोरली म्हणाली.

"घट्ट नाहीत. बसलेत. बोटं हलव."

"हलतात."

"मग चाल आरशापर्यंत."

ती उठली आणि पट्ट्या-पट्ट्यांच्या सतरंजीवरून आरशापर्यंत गेली. आरशापाशी थांबून तिने मागे वळून पाहिलं, जणू काही पडलंय का ते बघत होती. मग सतरंजी सोडून फरशीवरून चालत आली. काही वाजलं नाही. मालकांनीही मान वर केली नाही.

"सवय मोडायला दोन दिवस आहेत," काका म्हणाले. "पाय अजून ओढशील. पण आता बूट तुझ्यासोबत उचलला जाईल."

शुक्रवारी घरी आल्यावरही ती झोपेपर्यंत बूट काढेना. नऊ पावलं जायची, नऊ पावलं यायची. आईने "टाच आधी" म्हणणं सोडून दिलं, कारण बघावं तेव्हा टाच आधी होती.

शनिवारी संध्याकाळी आई भाजी चिरत बसली होती. मागून कुणीतरी म्हणालं, "आई." आईच्या हातातली सुरी खाली पडली.

"अगं, कधी आलीस? जिन्यात ऐकू कशी आली नाहीस?"

"तेच तर बघायचं होतं त्यांना."

"मग?"

"मेट्रनबाई औषधाच्या कपाटाशी होत्या. मी पाठीमागे जाऊन उभी राहिले. त्यांनी वळून पाहिलं आणि दचकल्या. म्हणाल्या, इतकंही नको, थोडं खाकरत जा." थोरली खुर्चीत बसली. "राहिले मी, आई. शेरा खोडला."

आईने सुरी उचलून धुतली. "तिकडे कशीही चाल," ती म्हणाली, "पण जिन्यात जरा पाय वाजव. मला आधण ठेवायचं असतं."

काका त्या दिवशी उशिरा आले नाहीत की लवकरही नाही. बातमी ऐकली, मान हलवली, हातपाय धुतले. मग पिशवीतून दुकानातली मापाची फळी काढून त्यांनी खोलीच्या मधोमध ठेवली. मालकांना सांगून सोमवारपर्यंत आणली होती.

"ये गं," त्यांनी धाकटीला हाक मारली.

"माझे बूट चांगले आहेत, बाबा. फक्त चावतात."

"चावतात?" आईने विचारलं. "बोळे असून?"

"बोळे मी कधीच काढून टाकले. दिवाणाखाली आहेत."

तेराव्या वर्षी धाकटीचा पाय साडेपाच भरला. गेल्या जूनमध्ये काकांनी पाठांतरावरून तिला पाच आणला होता. थोरलीने माळ्यावर चढून आपले शाळेचे काळे बूट काढले. सहा नंबरचे. त्यांचे टोकाकडचे भाग अजून कोरे होते, कारण तिथवर कुणाचं बोट कधी पोहोचलंच नव्हतं.

धाकटीने ते घातले. काका तिच्यासमोर उकिडवे बसले आणि टोकावर अंगठा दाबला.

"वर्षभर बघायला नको ना?" आईने विचारलं.

"नाही," काका म्हणाले. "तीन महिन्यांनी पुन्हा बघू."