मनीला पाजलेली अर्धी गोळी

मंडळी, आज दुपारी डॉक्टरांनी "गोळी कुणी दिली?" विचारलं, तिथंच माझं सगळं बदललं.

सुमावर माझा जीव आहे. तिच्या मांजरीला, मनीला, ताप होता. जालन्याच्या जनावरांच्या डॉक्टरांना मीच फोन लावला. "काही देऊ नका, मी अंबडला येतो," ते म्हणाले. ते लवकर येईनात, सुमाचं रडणं बघवेना. मंग माणसांची तापाची अर्धी गोळी मी मनीला दुधातून पाजली.

डॉक्टर आले, मनीच्या निळ्या हिरड्या पाहून गोळीचं विचारलं, तवा मी पाकीट दाखवलं. "मांजरीला ही गोळी विष असते," म्हणत इंजेक्शन भरलं.

"तुम्हीच उशीर केला!" मी ओरडलो.

सुमा हळू बोलली, "कॉलेज सोडलंस तवाबी चूक सरांचीच होती, न्हाई का?"

तुम्ही काय उत्तर दिलं असतं? मी बाहेर आलो आणि मनी दचकू नये म्हणून दार हळूच लावलं.