मासे न पकडणारा तांडेल

बोट पाण्यात राहिली की तिच्या बुडाला शिंपली चिकटतात. कोणी बोलावलेली नसतात, तरी येतात. वर्षातून एकदा बोट वर ओढून ती खरवडावी लागतात, नाहीतर बोट जड होते. आमच्या कॅप्टनबरोबर दोन वर्षं काढल्यावर माझंही तसंच झालंय. किस्से इतके चिकटलेत की आता खरवडलेच पाहिजेत!

आधी ओळख. कॅप्टन म्हणजे नंदूकाका. चिंचणीच्या मच्छीमार वस्तीतला, पन्नाशीच्या आतबाहेरचा. मुंबईतल्या एका शेठची यॉट चालवतो. पांढरा शर्ट, खांद्यावर सोनेरी पट्ट्या. शेठ आणि त्यांचे पाहुणे शनिवार-रविवारी समुद्रावर जातात, त्यामुळे जगाचा रविवार संपला की नंदूकाकाचा सुरू होतो. सोमवार-मंगळवार तो घरी.

मी डहाणूची. इंग्लंडात चार वर्षं बोटींचं डिझाइन शिकले. तिथे आठ-आठ वर्षांच्या मुली एकट्या शिडाची होडी हाकताना पाहिल्या आणि ठरवलं, परत जायचं आणि डहाणू-तलासरीच्या मुलींच्या हातात शीड द्यायचं. एवढा समुद्र दाराशी, आणि मुलींनी फक्त काठावर उभं राहून बघायचं? का म्हणून? पहिल्या भेटीत नंदूकाकाला मी हे अर्धा तास सांगितलं. हातवारे करून!

तो शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "भाषण झालं असेल तर सांग, होडी कुठाय?"

होडी नव्हती. पण त्याने त्याचे सोमवार-मंगळवार दिले. होडी नंतर आली.

* * *

नंदूकाकाचे वडील, धर्माबाबा, वस्तीतले नावाजलेले तांडेल. तांडेल म्हणजे मासेमारीच्या होडीचा प्रमुख. तो सांगेल तिथे जाळं टाकायचं आणि तो सांगेल तेव्हा ओढायचं. नंदूकाकाला यॉटवर नोकरी लागली तेव्हा बाबांनी रीतसर चौकशी केली.

"बोट मोठी आहे?"

"साठ फुटी आहे."

"खलाशी किती?"

"माझ्याशिवाय दोघं."

"मासळी किती येते?"

"मासळी नाही पकडत, बाबा."

"मग जाता कशाला?"

"फिरायला."

"कुठे?"

"असंच. पाण्यात जरा लांब."

"आणि मग?"

"मग परत."

बाबा आत स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "अगं ऐकलंस का? पोराला नोकरी लागली. काम काय आहे ते अजून त्यालाच कळलेलं नाही!"

* * *

यॉटवर एक नियम असतो. डेक सागवानी, पॉलिश केलेलं, त्यामुळे चढण्याआधी प्रत्येकाने बूट काढायचे. मंत्री असो नाहीतर मालक. नंदूकाका ह्या बाबतीत फार कडक. शिडीपाशी टोपली ठेवतो आणि स्वतः बाजूला उभा राहतो.

एकदा शेठनी धंद्यातले बडे पाहुणे आणले. सगळ्यांनी बूट काढले, एक जण काढेना. भारी सूट, भारी घड्याळ, आणि चेहरा लाल. "मी कोण आहे माहीत आहे का?" वगैरे सुरू झालं. शेठ घाबरे होऊन नंदूकाकाकडे बघायला लागले की बाबा रे, जाऊ दे. नंदूकाका हलेना.

मग त्याची नजर त्या माणसाच्या पायांकडे गेली. तो बुटाच्या आत बोटं दुमडून उभा होता, बुटाचं चामडं वर फुगलेलं दिसत होतं. नंदूकाकाला एका क्षणात कळलं. मोज्याला भोक!

त्याने खणखणीत आवाजात ऑर्डर दिली, "आज डेक ओलं आहे. सगळ्यांनी मोजेसुद्धा काढायचे! शेठ, आधी तुम्ही!"

दिवसभर अर्धा डझन मोठी माणसं अनवाणी फिरत होती. उतरताना त्या सूटवाल्याने नंदूकाकाचा हात दोन्ही हातांत धरला आणि कानात सांगितलं, "कॅप्टन, डेक कोरडं होतं."

"हो साहेब," नंदूकाका म्हणाला, "पण आता पॉलिश छान झालंय!"

* * *

यॉटचा कॅप्टन सुट्टीत काय करत असेल? मला वाटायचं गळ टाकून बसत असेल, पोहत असेल. छे! होडीचं काम नसेल त्या सोमवारी सकाळी तो मोटरसायकल काढतो आणि पार तलासरी ओलांडून गुजरातच्या हद्दीवरच्या अच्छाडला जातो. तिथे हायवेवर, चेकनाक्याच्या अलीकडे, एका धाब्याच्या बाकावर बसून ट्रक बघतो! दोन-तीन चहा, एक प्लेट भजी, आणि ट्रक.

मी एकदा बरोबर गेले. धाबेवाले भाई त्याला बघूनच म्हणाले, "आवो कॅप्टन, बेसो!" आणि हायवेकडे तोंड असलेली खास जागा फडक्याने पुसून दिली.

"काका, ह्यात बघायचं काय?" मी विचारलं.

"नंबर प्लेटी बघ. पंजाब. तामिळनाडू. तो बघ, नागालँड! पोरी, मी एवढी वर्षं बोट चालवतोय. जिथून निघतो तिथेच परत येतो. ही माणसं खरोखर कुठेतरी जातात!"

शेजारच्या बाकावर एक सरदारजी ड्रायव्हर जेवत होते. त्यांनी विचारलं, "आप क्या चलाते हो?"

"बोट."

"लोड क्या रहता है?"

"सेठ."

"कितना टन?"

नंदूकाकाने प्रामाणिकपणे विचार केला. "अकेला हो तो चलता है. फॅमिली साथ में हो तो ओव्हरलोड!"

* * *

आता माझी फजिती. आमच्या क्लबचं उद्घाटन!

मुंबईहून टेम्पोत घालून जुनी पंधरा फुटी शिडाची होडी आणली होती. मी स्वतः रंगवली. भरतीची वेळ बघून दिवस ठरवला, दुपारी चार. बॅनर छापला, पेढे सांगितले. तर प्रमुख पाहुण्यांचा फोन आला, एक आठवडा पुढे ढकला. मी बॅनरवर नवीन तारखेची पट्टी चिकटवली आणि वेळ तीच ठेवली, चारची.

चार वर्षं बोटींचं शिक्षण घेतलेल्या बाईने भरती-ओहोटी आठवड्यात उलटते हे विसरावं!

चार वाजता पाहुणे आले. फीत बांधलेली, नारळ तयार, होडी चमकतेय. आणि समुद्र? समुद्र अर्धा किलोमीटर मागे गेलेला. मध्ये सगळा चिखल. होडी एका कुशीवर कलंडून पडली होती, दुपारी झोपलेल्या म्हशीसारखी. पाहुणे दूरवर बघत म्हणाले, "पाणी... येणार आहे ना?"

"येईल की," धर्माबाबा मागून म्हणाले, "जेवून जा!"

मी नंदूकाकाला बाजूला ओढलं. "तुम्हाला माहीत होतं ना? मग सांगितलं का नाही?"

"तू सगळ्यांना पत्रिका पाठवली होतीस," तो म्हणाला. "मला वाटलं समुद्रालाही पाठवली असशील."

* * *

पहिल्या विद्यार्थिनी कुठून आल्या? डोंगरातून! तलासरीच्या वसतिगृहात राहणाऱ्या, झरी गावच्या सहा मुली. त्यांच्या बाई उत्साही, जीप करून घेऊन आल्या. मुली धरणात, नदीत पोहणाऱ्या, पण होडीत कोणी कधी बसलेली नव्हती.

नंदूकाकाचा पहिला धडा म्हणजे होडी उलटी करणं. लाइफ जॅकेट घालायचं, कंबरभर पाण्यात होडी मुद्दाम पालथी करायची आणि मग सरळ करायची. "आधी बुडायला शिका, मग चालवायला," हे त्याचं धोरण. होडी उलटली. सहाजणी पाण्यात. वर आल्यावर मी भीतीवर मात करण्याबद्दल चार शब्द बोलायला सुरुवात केली.

त्यांच्यातली रंजना नाकातलं पाणी शिंकरत म्हणाली, "ताई, भीती नाय वाटत. युनिफॉर्म भिजला, त्याचं बाईंना तुम्ही सांगाल का?"

दुसऱ्या दिवशी वाऱ्याचा धडा. मी वाळूत बाण काढले, कोन काढले, शिडाच्या दोन्ही बाजूंचा दाब समजावला. सहा चेहरे कोरे. मग रंजना उठली, मूठभर कोरडी वाळू घेतली, हात उंच करून हळूहळू सोडली आणि वाऱ्याकडे पाठ करून उभी राहिली.

"भात उफणताना भूस तोंडावर येऊ नये म्हणून असं उभं राहायचं. तसंच ना?"

नंदूकाकाने माझे बाण पायाने पुसले. "हिचा कोर्स झाला. आता ही तुला शिकवेल!"

* * *

पण नंदूकाकाच्या ज्या वस्तीच्या किनाऱ्यावर हे चाललं होतं, तिथली एकही मुलगी येत नव्हती. कारण साधं. बाईचा पाय होडीला लागला तर मासळी रुसते, असं तिथे मानतात. बायका मासळी निवडतात, सुकवतात, डोक्यावरून बाजारात नेतात. होडीत मात्र बसत नाहीत.

सगळ्यात हाल दर्शनाचे. ही नंदूकाकाची पुतणी, बारा वर्षांची. सगळ्या गाठी तिला झोपेत बांधता येतात. दर मंगळवारी ती किनाऱ्यावरून डोंगरच्या मुलींवर ओरडायची, "अगं, दोरी सोड! सोड ना! शीड फाटेल!" आणि मग आमच्याकडे पाठ करून वाळूत बसायची. मला ते बघवत नव्हतं. तिच्यासाठीच तर मी परत आले होते! ती काठावरच राहणार असेल तर क्लब कसला?

शेवटी धर्माबाबांच्या ओट्यावर बैठक झाली. वस्तीतले सहा-सात म्हातारे तांडेल. मी समानतेवर बोलले. मग नंदूकाकाने तोंड उघडलं.

"मला एक सांगा, हिची होडी मासळी पकडते का?"

"नाही," बाबा म्हणाले.

"मग रुसणार कोण?"

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. धर्माबाबांनी निकाल दिला, "बरोबर आहे. मासळी आणत नाही ती होडी नव्हे. ते खेळणं! खेळण्यात पोरी बसल्या तर काय बिघडलं?"

मी ताडकन उठले. "एक मिनिट, बाबा! खेळणं कसं? तिला शीड आहे, सुकाणू आहे, तिचं डिझाइन—"

नंदूकाकाने माझ्या पायावर पाय दिला. चांगला जोरात!

"ती खेळणंच म्हणतेय, बाबा," तो म्हणाला. "इंग्लंडात खेळण्याला असंच म्हणतात."

* * *

परवानगी मिळाली, आणि तरी कोणी आलं नाही! एक मंगळवार गेला, दोन गेले, पाच गेले. प्रत्येक आईचं एकच उत्तर. "बाकीच्यांच्या जाऊ देत, मग आमची पाठवते." दर्शनाची आईसुद्धा तेच म्हणाली. पहिली कोण, एवढाच प्रश्न.

सहाव्या मंगळवारी सकाळीच भरती होती. शाळेला सुट्टी होती. झरीच्या मुली फेरी मारून परतल्या होत्या, दर्शना वाळूत बसली होती, थोड्या अंतरावर धर्माबाबा जाळं दुरुस्त करत होते. तेवढ्यात बाजार आटपून नंदूकाकाची आई आली. डोक्यावर रिकामी पाटी. वय सत्तरीपुढे, वाळूत चालणं आमच्यापेक्षा ताठ.

तिने पाटी खाली ठेवली. लुगडं वर खोचलं आणि सरळ पाण्यात शिरली. होडीच्या काठाला हात लावून म्हणाली, "नंदू, धर जरा."

नंदूकाका बघतच राहिला. "आये? तू?"

"धरतोस की मी दुसरा कॅप्टन बघू?"

मी धावत जाऊन तिला लाइफ जॅकेट घातलं. नंदूकाकाने तिला होडीत चढवून शीड सोडलं, आणि मी मागे येऊन धर्माबाबांजवळ उभी राहिले. किनाऱ्यावर बायका गोळा झाल्या. जाळी विणणारे, बर्फ फोडणारे, सगळ्यांचे हात थांबले. फक्त धर्माबाबांनी मान वर केली नाही. त्यांची सुई चालूच होती. पण मी जवळच उभी होते, आणि मला दिसत होतं की ते एकाच गाठीत चार-चार वेळा सुई घालतायत.

होडी लांब गेली. शीड बोटभर दिसायला लागलं. मग नंदूकाकाने ती वळवली. फार तर पंधरा-वीस मिनिटं झाली असतील.

आजी उतरली. ओल्या पायांनी दर्शनाजवळ आली, अंगातलं जॅकेट काढलं, तिच्या अंगात घातलं आणि पट्टे ओढून घट्ट केले.

"जा."

दर्शनाने एकदा आजोबांकडे बघितलं, आणि मग अशी पळाली की पाणी आमच्या सगळ्यांच्या अंगावर उडालं. तिच्यामागे वस्तीतल्या अजून दोघी.

आजी पाटी उचलायला वाकली. धर्माबाबांनी जाळ्यातून नजर न काढता विचारलं, "काय दिसलं तिथून?"

आजीने पाटी डोक्यावर ठेवली. अंगठा आणि पहिलं बोट जवळ आणून त्यांच्यासमोर धरलं. मध्ये जेमतेम तांदळाचा दाणा मावेल एवढीच फट.

"तुम्ही," ती म्हणाली. "एवढेसे!"

आणि घराकडे चालायला लागली.