गल्लीचा होकार

पहिल्याच बैठकीला मी सोफ्यावर बसलो. चूक माझीच. हॉलमध्ये पुढं लाल सोफे होते, मागं प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि खुर्च्यांवर कागद चिकटवलेला : 'समुदाय'. मला वाटलं, बरीच मोठी माणसं येणार असतील, त्यांच्यासाठी जागा धरून ठेवलीय. म्हणून शहाणपणानं पुढं गेलो आणि सोफ्यात रुतलो. माझ्यासारखा ऐवज एकदा रुतला की उठायला म्हशीसारखं हेलकावे घ्यावे लागतात.

संस्थेचा शिपाई आला.

"पावणं, उठा. हितं डॉक्टरसाहेब बसणार हाईत."

"मग मी कुठं बसू?"

"तुम्ही समुदाय न्हवं? मागं बसा की."

हॉल हसला. मीही हसलो. इस्त्रीचा शर्ट घातलेल्या पन्नाशीच्या माणसानं सोफ्यातून धडपडत उठताना दुसरं करायचं तरी काय. पण हसता हसता एक धडा गिरवला आणि तो पुढं फार नडला. बसवतील तिथं बसायचं.

काम काय होतं ते सांगतो. एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून एक नवं इंजेक्शन निघालंय. त्याची चाचणी आमच्या भागात घ्यायची होती. ज्यांना लागण नाही, पण होण्याची भीती आहे, अशा लोकांवर. त्याआधी भागातल्या माणसांशी बोलायचं, त्यांच्या शंका ऐकायच्या, असा नियम आहे. नियम चांगला आहे. त्यासाठी संस्थेनं सल्लागार मंडळ नेमलं. त्यात आमच्या तालमीचे आबा, एक निवृत्त गुरुजी, अजून काही मंडळी, आणि मी.

मी का? मला तो आजार आहे. ट्रकवर होतो तेव्हापासूनचा. सरकारी दवाखान्याच्या गोळ्या रोज घेतो, आता ट्रक सोडून एका दुकानाचा टेम्पो चालवतो. तब्येत चांगली आहे, पोट तर नको तेवढं चांगलं आहे. बायकोला लागण नाही. आम्हा नवराबायकोशिवाय हे गल्लीत एकट्या आबांना माहीत होतं, कारण मी पहिल्यांदा अंथरुणाला खिळलो तेव्हा त्यांच्याच जीपनं मला दवाखान्यात नेलं होतं. मंडळात माझं नाव त्यांनीच घातलं. लोकांना सांगताना म्हणाले, "ड्रायव्हर लोकांच्या वतीनं हा."

आमच्या तालमीत आता कुस्ती कमी आणि मिटवामिटवी जास्त. नळाचं भांडण तिथं मिटतं, मोडायला आलेलं लग्न तिथं सांधतं, गणपतीची वर्गणी तिथं ठरते. आबांनी मान हलवली की गल्लीची मान हलते. हे डॉक्टरसाहेबांना कुणीतरी सांगितलेलं दिसत होतं. ते बोलत सगळ्यांशी होते, बघत आबांकडं होते.

पडद्यावरची चित्रं संपली. "कुणाला काही शंका?" साहेबांनी विचारलं. मी हात वर करून उभा राहिलो. घरातून घोकून आणलेलं होतं.

"एखाद्याला हा आजार हाय. गोळ्या नीट चालू हाईत, तपासणीत रक्तात विषाणू सापडत न्हाय. मग त्याच्या बायकोला ह्या सुईची गरज किती? आणि तुमची चाचणी संपल्यावर तिला सुई कोण देणार?"

साहेब चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते गोड हसले.

"काका, तुम्ही फक्त माणसं आणा. प्रश्न विचारायला आम्ही आहोत."

मी खाली बसलो. विषय तिथं संपला असता. पण आबांना वाटलं, आपल्या माणसानं साहेबांना अडवलं, सावरून घ्यावं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मनावर घेऊ नगा साहेब. त्याच्या घरातच तसली जोडी हाय, म्हणून इचारतोय. ह्याला हाय, बायकोला न्हाय. तुम्हाला पायजेल तशीच."

शेजारच्या गुरुजींनी आपली खुर्ची थोडी सरकवली. अगदी थोडी. मुंगी जाईल एवढी. आबांचा हात माझ्या खांद्यावर तसाच होता, प्रेमाचा.

साहेब म्हणाले, "अरे वा."

नंतर चहा आला. मी तो पूर्ण प्यायलो. का प्यायलो, मला अजून कळलेलं नाही.

घरी जाऊन मी बोललो नाही. बातमी मात्र माझ्याआधी गल्लीत पोचली होती. उन्हाळ्याचे दिवस. आमच्याकडं वर्षाची चटणी उन्हाळ्यात होते, आणि बायकोच्या हातच्या चटणीवर निम्मी पेठ जेवते. लोक मिरच्या आणून टाकतात, ती वाळवते, भाजते, मसाला घालून कांडून देते. घर त्यावरच उभं आहे. माझा टेम्पो नुसता आवाज करतो.

आधी शेजारच्या काकू आल्या. उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

"आगं, यंदा सून म्हणतीया घरातच करू. मिरच्या तेवढ्या दे की माघारी."

"बरं," बायको म्हणाली.

मग कोपऱ्यावरची आली. तिचं म्हणणं, यंदा पथ्य आहे, तिखट बंद. मग एकीनं पोरीला पाठवलं. त्या पोरीनं पिशवी बोटाच्या टोकानं उचलली.

कुणी भांडलं नाही. वाकडं बोललं नाही. कोल्हापुरात माणूस मोठ्यानं बोलतोय तोवर काळजी नसते. आमची गल्ली हळू बोलायला लागली होती. मी टेम्पो लावून उतरलो की कट्ट्यावरचं बोलणं थांबायचं, मी दारात शिरलो की पुन्हा सुरू व्हायचं. गच्चीवरच्या चादरी रिकाम्या झाल्या तेव्हा बायकोनं विचारलं, "तुम्ही काय केलंसा?"

सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि उरलेल्या आमच्याच मिरच्यांची देठं मोडत बसली.

थोड्या दिवसांनी आबा आले. बुलेट बंद केली नाही. पाणी दिलं, ते हातात धरून उभे राहिले, प्यायले नाहीत.

"परवा परदेशातनं पावणं यायल्यात. तुमचा जोडीनं सत्कार हाय. फेटा, शाल, नारळ. वैनीस्नी चांगली साडी नेसाय सांग. सुई घ्यायच्या संमतीची सही तिथंच करू, फोटो चांगला येतोय."

"आबा, हिला इचारायला पायजे."

"गल्लीनं व्हय म्हटलंय, मर्दा. मी शब्द दिलाय. आता कुणाला इचारतोस?" मग आवाज खाली आला. "गेलेल्या मिरच्या माझ्याच शब्दानं माघारी येतील. आणि न्हाय बी येणार. ध्यानात ठेव."

पाण्याचा तांब्या भरलेलाच कठड्यावर ठेवला आणि गेले.

मी एकटाच गेलो. हिला ताप आहे म्हणून सांगितलं. साहेबांच्या चेहऱ्यावर आठी आली, पण माईकवाल्यानं सुरुवात केली होती. 'आदर्श जोडपं' म्हणाला. 'संपूर्ण भागाची एकमुखी संमती' म्हणाला. मला स्टेजवर खुर्चीत बसवलं. फेटेवाला माझ्या डोक्याला वेढे द्यायला लागला. प्रत्येक वेढ्याला टाळ्या. समोर पहिल्या रांगेत परदेशी बाई, मोबाईल उभा धरून. तिच्या मागं आमची गल्ली. काकू. गुरुजी. पिशवी उचलणाऱ्या पोरीची आई. सगळी माझ्याकडं बघत होती आणि कुणीच माझ्याकडं बघत नव्हतं.

कानावर वेढा घट्ट बसला. बळीचा बोकड सजवतात तो कशाआधी, हे बोकडाला कळत नसेल. मला कळलं.

मी फेटेवाल्याचा हात धरला. "थांब."

उठून उभा राहिलो. फेटा अर्धा डोक्यावर, अर्धा खांद्यावरून खाली लोंबतोय. गबाळ्यासारखा दिसत असणार. माईक ओढून घेतला.

"माझा आजार कुणाला सांगायचा ते मी ठरवणार होतो. आबांनी सांगितला. साहेब, तुम्ही ऐकलासा आणि अरे वा म्हणालासा. आता गल्लीनं व्हय म्हटलंय म्हणं. सुई गल्लीच्या दंडाला टोचणार हाय व्हय? माझ्या बायकोचा होकार न्हाय. आमची नावं काढा."

आबा खालून म्हणाले, "खाली बस."

नाही बसलो.

परदेशी बाई वाकून साहेबांना काहीतरी विचारत होती. साहेब तिच्या कानाशी लागून काहीतरी बोलले. बाईचा चेहरा उजळला. ती उभी राहिली आणि टाळ्या वाजवायला लागली. मग तिच्या शेजारचे. मग सगळा हॉल. काकूसुद्धा. माझा नकार कुठल्या भाषेत जाऊन काय झाला, देवाला ठाऊक. मी फेटा उलगडला, त्याची घडीही घातली नाही, टेबलावर टाकला आणि टाळ्यांमधून बाहेर पडलो.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. थोडं वाढवूनच सांगितलं असेन, माझी सवय आहे ती. 'आमची नावं काढा' हे दोनदा सांगितलं. वाटलं, आता ही म्हणेल, बरं केलंसा.

तिनं हातातलं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली :

"आबानं माझ्या नावानं व्हय म्हटलं. तुम्ही माझ्या नावानं न्हाय म्हटलं. टाळ्या दोघास्नी बी मिळाल्या. मला अजून कुणी इचारलेलं न्हाय. उद्या मी जाणार त्या साहेबाकडं. ती सुई काय हाय, मला लागती का, आणि माझं नाव गल्लीत फिरल्याचं कोण भरून देणार, ते इचारणार. पटलं तर घेईन. न्हाय पटलं तर तोंडावर सांगून येईन, आणि त्या पावणीच्या कानात कोण काय सांगतंय ते बी बघीन. तुम्ही संगं येऊ नगासा."